खरवडलेली टेकडी

टेसीचा बाप्तिस्मा आमच्या ओढ्यात होऊ शकला नाही, त्या वर्षीची ही गोष्ट. टेसी माझ्या बहिणीची, म्हणजे अक्काची नात. आमच्या घरातला प्रत्येक माणूस स्पाइसवुडच्या ओढ्यात, लाकडी पुलाखालच्या डोहात बुडून वर आलेला. टेसीची वेळ आली तेव्हा एप्रिल चालू होता. मंडळी काठावर गात उभी होती. पाळक एनोस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले आणि खोली बघायला त्यांनी काठी टेकवली. ती हातभर आत गेली. वर काढली तर तिला हळदीसारखा पिवळा गाळ चिकटलेला.

"डेल्फिया," पाळक माझ्या बहिणीला म्हणाले, "यात बुडवली तर पोर पापातून सुटेल, पण गाळातून सुटायची नाही."

लोक हसले. अक्का हसली नाही. टेसीला पांढऱ्या झग्यातच मोटारीत बसवून डोंगरापलीकडे दुसऱ्यांच्या ओढ्यावर नेलं. तिथल्या बायकांनी बाजूला सरून आम्हाला काठावर जागा दिली. पाहुण्यांना देतात तशी. परत येताना अक्का वाटभर खिडकीबाहेर बघत होती.

गाळ कुठून येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरामागचा डोंगर कोळशासाठी वरून कापून काढला होता. कोळसा गेला, मग माती परत ढकलून डोंगराचा आकार करून ठेवला. त्या नव्या मातीवर गवत धरत नव्हतं. पाऊस आला की ती उतारावरून निघायची, खालच्या जुन्या झाडीतून वाट काढायची आणि ओढ्यात पडायची. झाडी आणि ओढा यांच्या मधोमध अक्काचं घर होतं.

घरात अक्का, तिचा मुलगा आर्विल, त्याची बायको लव्हॉन आणि टेसी. मी मागच्या अंगणात ट्रेलरमध्ये राहायचो, जेवायला मात्र घरात. कोळसा कंपनीच्या माणसानं एकदा येऊन सांगितलं होतं, शहरात भाड्याचं घर बघा, उताराचा भरवसा नाही. अक्कानं त्याला पायरीवरूनच परतवून लावलं. म्हणाली, "माझा नवरा वर मातीत झोपलाय. मी खालून हलले तर त्याच्याकडे बघायचं कुणी?"

आर्विल खाणीवर बुलडोझर चालवायचा. कोळसा संपल्यावर बरोबरचे पुढच्या खाणीवर गेले. हा मात्र गवत पेरणाऱ्या टोळीत लागला. बुलडोझरवाल्यानं पेंढा पसरायला जाणं म्हणजे घोड्यावरून उतरून खोगीर वाहण्यासारखं, लोक तोंडावर म्हणायचे. मला तो म्हणाला, "मामा, आपल्या डोक्यावरची माती दुसऱ्याच्या हातची पेरलेली मला नको." मग मीही त्याच्याबरोबर रोजानं जायला लागलो.

काम असं होतं. टँकरमध्ये पाणी, बी, खत, चुना आणि कागदाचा लगदा कालवायचा आणि नळीनं उतारावर फवारायचा. कुठं फवारलं ते कळावं म्हणून लगद्यात हिरवा रंग असे. वाऱ्याची दिशा फिरली की सगळं आमच्याच अंगावर. मुकादम होबर्ट टँकरवर उभा राहून नळी धरायचा आणि वरून बोलत असायचा.

"आर्विल, टोपी काढ. तुझ्या टकलावर मारून बघू. इथं नाही तर तिथं तरी उगवेल."

"तुझ्या तोंडात मार," आर्विल म्हणायचा. "खत आधीच भरलेलं आहे."

फवारून झालं की पेंढा पसरायचा, वर सुतळीची जाळी ओढायची, तारेचे आकडे ठोकून ती बसवायची. मग लोकस्ट नावाच्या झाडाची काटेरी रोपं. लोखंडी पहार मारून फट करायची, फटीत मूळ सोडायचं, बुटाच्या टाचेनं दाबायचं. पण पहार आत जात नव्हती. जमीन चुलीच्या बुडासारखी झालेली. पहार उडून मागं यायची आणि झिणझिण्या खांद्यापर्यंत जायच्या. दुपारपर्यंत आर्विलच्या दोन्ही तळहातांना फोड आले.

"काय दाबलीय ही माती!" होबर्ट मोठ्यानं म्हणाला. "कुणी दाबली रे एवढी?"

सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीनं सांगितलं होतं, उतार टेबलासारखा गुळगुळीत दिसला पाहिजे. आर्विल हाताचा चांगला, त्यानं बुलडोझर वरखाली फिरवून तसा करून दिला. तेव्हा त्याची वाहवा झाली होती. आता त्यानं फोडांवर चिंधी गुंडाळली आणि पहार उचलली.

मेच्या सुरुवातीला चार दिवस पाऊस लागला. उघडीप झाल्यावर वर गेलो तर उताराच्या मधून एक घळ पडलेली. आदल्या पावसात ती बोटभर होती, आता तिच्यात माणूस आडवा झोपला असता. आम्ही तिच्यात पेंढ्याचे गठ्ठे कोंबले, दगड भरले. पुढच्या सरीनं गठ्ठे खाली झाडीत जाऊन पडले. पुन्हा भरले, पुन्हा गेले. घळ सरळ खाली उतरत होती. तिच्या तोंडाशी उभं राहिलं की समोर अक्काच्या घराची चिमणी दिसे.

सरकारची तपासनीस आली. स्टॅम्परबाई. वयानं लहान, रबरी बूट घातलेली, शेजारच्याच तालुक्यातली. घळीच्या कडेकडेनं ती वर चढत गेली आणि आम्ही तिच्या मागं. घळ जिथं सुरू होत होती तिथं आमच्या कबरींची टेकडी होती.

खाण झाली तेव्हा कबरींच्या जवळ खणायला कायद्यानं बंदी होती, म्हणून सगळा डोंगर खाली गेला आणि तेवढी टेकडी बेटासारखी उभी राहिली. भोवती तारेचं कुंपण. आत आमची सगळी माणसं. नाव कोरलेले दगड थोडे, बाकी नुसते ओढ्यातून आणलेले धोंडे. मला त्या काळी वाचता येत नव्हतं, पण डोळे मिटून चाललो असतो तरी कोण कुठं आहे हे सांगितलं असतं. आणि आत गवताची काडी नव्हती. प्रत्येक कबरीवर मातीचा उंच वरंबा, मधली जमीन खरवडून, झाडून, अंगणासारखी लख्ख.

स्टॅम्परबाई कुंपणाशी बराच वेळ उभी राहिली.

"गवत कोण काढतं?" तिनं विचारलं.

"आई," आर्विल म्हणाला.

"सगळं?"

"मुळासकट. दर महिन्याला येते."

तिनं मान हलवली. "माझी आजीही काढायची," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "पाणी इथून सुटतंय, मिस्टर टॅकेट. छपरावरून सुटतं तसं. खाली तुम्ही काहीही भरा."

"वरच्या अंगाला चर खणला तर?"

"यंत्र इथं आणता येत नाही. कुंपणाच्या आत माझा हुकूम चालत नाही, कंपनीचाही नाही. जागा तुमची आहे. हातानं खणायचं तर तुम्हीच."

आर्विलनं माझ्याकडे बघितलं. वरच्या अंगाला सगळ्यात जुनी माणसं होती, कितीतरी पोरं नुसत्या मातीत ठेवलेली, वर धोंडासुद्धा नाही. तिथं कुदळ कुठं मारायची? बाईच म्हणाली, "नाहीतर गवत येऊ द्या. एवढंच."

त्या संध्याकाळी जेवताना आर्विलनं विषय काढला. घेवडा, मक्याची भाकरी, कच्चा कांदा आणि ताक. अक्का ताकात भाकरी कुस्करत होती.

"आई, यंदा टेकडीवरचं गवत काढू नकोस."

अक्काचा हात थांबला. "का?"

त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"गवत कुणाच्या कबरीवर असतं ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. "ज्याचं मागं कोणी उरलं नाही त्याच्या."

"आपण उरलोय हे लोकांना दाखवायला घर घालवायचं का?"

"तुझा बाप जन्मभर डोंगराच्या पोटात वाकून काम करून आला. शेवटी पलंगावर उताणा झोपू शकत नव्हता, धाप लागायची. त्याच्या अंगावर निदान स्वच्छ माती असू दे."

"तू वर खरवडतेस आणि मी खाली पेरतोय. दोघं मिळून त्या घळीला पाणी पाजतोय आपण."

"डोंगर मी कापला का?" अक्का म्हणाली. "त्या यंत्रावर कोण बसलं होतं? मी?"

आर्विलनं चमचा खाली ठेवला. टेसी ताटाकडे बघत राहिली.

"भाकरी गार होतेय," लव्हॉन म्हणाली. थोड्या वेळानं तीच पुन्हा म्हणाली, "माझी बहीण ओहायोत, डेटनला बोलावतेय. तिथं घरामागं डोंगर नाही."



दोन-चार दिवसांनी अक्का लांब दांड्याचं खुरपं घेऊन एकटीच वर चढली. मी पेंढा उतरवत होतो, तिथून मला ती दिसत होती. टेकडीपाशी न जाता ती घळीच्या काठावर थांबली. खुरप्याचा दांडा तिनं उलटा धरून घळीत सोडला. दांडा सगळा आत गेला, तिचा हातही खांद्यापर्यंत गेला, तरी बूड लागेना. बराच वेळ ती तशीच ओणवी होती. मग उठली, गुडघे झाडले आणि आमच्याकडे आली.

"रविवार होऊ दे," ती आर्विलला म्हणाली.

कबरी सजवायचा रविवार मेच्या शेवटी असतो. ओहायो-मिशिगनला कामाला गेलेली सगळी माणसं त्या दिवशी घरी येतात.

"आई, आत्ता पेरलं तर या पावसात धरेल. जूनच्या उन्हात कोंब जगायचे नाहीत."

"त्यांना मी कबरी गवतात दाखवणार नाही. रविवार झाला की पेर. काय पेरायचं ते पेर, मी हात लावणार नाही."

"आई..."

"बास. हो म्हणाले ना?"

होबर्ट टँकरवरून ऐकत होता. ती गेल्यावर म्हणाला, "घे बाबा पदरात. माझी आई मेली तरी हो म्हणाली नव्हती."

त्या वर्षी टेकडी जशी खरवडली तशी मी कधी बघितली नव्हती. शनिवारी दिवसभर अक्का, लव्हॉन, टेसी आणि आम्ही दोघं वर होतो. अक्का गुडघ्यांवर बसून बोटांनी मुळं उपटत होती. वरंब्यांना नवी माती लावली, खुरप्याच्या पाठीनं थापटली, डहाळ्यांच्या झाडूनं मधली जमीन झाडली. झाडूच्या रेघासुद्धा सरळ. आर्विल वरंबे थापटत होता आणि मधूनमधून आकाशाकडे बघत होता.

रविवारी टेकडीवर गर्दी झाली. पाळक एनोस भजनाची एकेक ओळ सांगायचे आणि सगळे ती लांबवत, ओढत म्हणायचे. चादरी अंथरून जेवणं मांडली, तळलेली कोंबडी, घेवडा, वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक. कागदी फुलं कबरींवर. डेट्रॉइटहून आलेली चुलत बहीण ओवेडा अक्काला म्हणाली, "डेल्फिया, जमिनीवर वाढून घ्यावं इतकं स्वच्छ केलंस गं. आमच्याकडच्यांना लाज वाटली पाहिजे."

अक्काचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी.

ओवेडाच्या नवऱ्यानं कमरेवर हात ठेवून खाली उताराकडे बघितलं. "आणि हा डोंगरही छान हिरवा झालाय की! उगाच ओरडतात लोक."

"तो रंग आहे," आर्विल म्हणाला.

"काय?"

"रंग. कागदाला लावलेला."

माणूस हसला. त्याला ती थट्टा वाटली.

सोमवारी सकाळी आर्विल बियांची गोणी खांद्यावर घेऊन वर गेला. बरोबर अक्काही आली. मधल्या वाटांवर त्यानं खुरप्यानं माती ढिली केली आणि मुठीनं बी फेकलं. वरंबे तो सोडत चालला होता.

"अर्धवट करू नकोस," अक्का म्हणाली. "पाणी वरंब्यावरूनच येतं ना?"

बापाच्या कबरीशी आल्यावर त्याचा हात होईना. तिनं गोणीत हात घातला आणि मीठ टाकावं तसं चिमटीचिमटीनं बी टाकलं, पायापासून डोक्यापर्यंत. वर पेंढा पसरला. मग कबरीकडे पाठ करून उभी राहिली.

जूनमध्ये पाऊस आला नाही. उतारावरचा हिरवा कागद पांढरा पडून वाऱ्यानं सोलून निघाला. लोकस्टची रोपं काड्या झाली. ओढली तर अलगद वर येत, मुळं फटीतच वळून बसलेली. अक्का रोज संध्याकाळी चरबीच्या रिकाम्या डब्यात पाणी घेऊन टेकडी चढायची. मीही दोन बादल्या न्यायचो. सत्तरी उलटलेली दोन माणसं, वर पोचेपर्यंत अर्धं पाणी पायांवर सांडलेलं. घळीच्या कडेनं जाताना ती आत बघायची नाही.

कोंब आले. तान्ह्या पोराच्या डोक्यावर असते तशी विरळ लव. अक्का वाकून, हाताच्या पंजानं सावली करून बघायची. एकदा तिनं बोलता बोलता सवयीनं बोटं घातली आणि एक काडी उपटली. हातात आलेली काडी तिला दिसली. तिनं नखानं भोक केलं, काडी परत उभी केली, भोवती माती दाबली. काडी आडवी पडली. तिनं पुन्हा उभी केली.

"असू दे अक्का," मी म्हणालो.

"तू गप रे, डिल. पाणी दे इकडे."

जुलैच्या मध्यावर एका दुपारी आभाळ काळं झालं आणि कोसळलं. आम्ही ओसरीवर होतो. समोरचं कोठार दिसेनासं झालं. आर्विल एकदम उठला, मागच्या दाराशी गेला आणि तिथूनच ओरडला, "बाहेर पडा! सगळी!"

मागच्या झाडीतून पाणी येत होतं. पिवळं, घट्ट, मध्ये जाळीचे तुकडे आणि पेंढा. त्याच्या मागून वर कुठंतरी झाडं मोडल्याचा आवाज आला. लव्हॉननं टेसीला ओढत पुलाकडे नेलं. अक्काला बुटात पाय घालायचा होता. आर्विलनं तिला पाठीवर घेतलं.

"खाली ठेव मला! मी काय पोतं आहे?"

"आई, गप्प बस. गळ्याला धर."

एक बूट पायात, एक हातात, अशी ती पुलापलीकडे उतरली. आम्ही रस्त्यावर भिजत उभे राहिलो. डोंगराचा पुढचा भाग जागेवरून सुटला आणि खाली चालत आला. धावत नव्हता, चालत होता. माझा ट्रेलर आडवा झाला आणि दिसेनासा झाला. मग घराची मागची भिंत आत गेली. स्वयंपाकघरातली शेगडी पुढच्या दारातून बाहेर येऊन बटाट्याच्या वाफ्यात उभी राहिली, तिच्यावर पातेलं तसंच. टेसी ते बघून हसली, आणि हसू थांबेना म्हणून तिच्या आईनं तिला पोटाशी धरलं.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. कोरडी टोपी, कोरडे बूट. रस्त्यावरूनच तो सगळं बघून आला होता.

"आम्हाला वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण पाणी आमच्या जागेतून सुरू झालेलं नाही. वरच्या उघड्या जागेतून झालंय. ती जागा कुटुंबाची आहे."

"उघडी नव्हती," आर्विल म्हणाला. "तिथं गवत होतं."

"किती होतं?"

आर्विलनं हात वर केला, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये थोडी जागा धरली. मग त्या बोटांकडे बघून त्याचं त्यालाच काही वाटलं आणि त्यानं हात खिशात घातला.

अक्का पुलाच्या कठड्याला टेकून बसली होती. "म्हणजे घर मी पाडलं," ती म्हणाली.

"तसं मी म्हणालो नाही, मावशी," माणूस म्हणाला आणि मोटारीकडे गेला.

लव्हॉन टेसीला घेऊन डेटनला बहिणीकडे गेली. ऑगस्टमध्ये पेरणीची टोळी मोडली, तेव्हा आर्विलही गेला. अक्का जायला तयार नव्हती. आम्ही दोघं गावात, कपडे धुण्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहिलो. तिथून डोंगर दिसत नव्हता. ती दिवसभर खिडकीत बसायची. दर दोन दिवसांनी मला विचारायची, "वर कोणी गेलं होतं का रे?" कोणी गेलेलं नसे. शरदात तिनं खाणं टाकलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिला विचारलं तर म्हणायची, "काही नाही, चढण होत नाही आता."

ती गेल्यावर आर्विल आला. ट्रकच्या मागं त्यानं लांब दांड्याचं खुरपं आणि फावडं टाकलेलं होतं. तिला वर न्यायला वाट उरलीय का ते बघायला आम्ही दोघं गेलो. झाडीच्या शेवटापर्यंत पोचलो, पुढं पिवळ्या मातीचा सरळ कडा होता, ओला, वरून अजून ढेकळं सुटत होती. तिथून रिकामा माणूस चढला नसता, तर पेटी कोण चढवणार? कड्याच्या माथ्यावर टेकडी दिसत होती. कुंपण एका बाजूला लोंबत होतं. आणि आत सगळं हिरवं होतं, सप्टेंबरच्या पावसावर वाढलेलं, गुडघाभर. आर्विलनं बघितलं, मीही बघितलं, आणि आम्ही खाली आलो.

तिला गावच्या दफनभूमीत ठेवलं. तिथं दगड जमिनीच्या पातळीत बसवतात, म्हणजे वरून गवत कापायचं यंत्र फिरतं. माणसं पांगल्यावर आर्विलनं ट्रकमधून खुरपं काढलं आणि ताज्या मातीला वरंब्याचा आकार द्यायला लागला. राखणदार लगबगीनं आला. भला माणूस होता.

"इथं तसं नाही करायचं हं," तो म्हणाला. "वरंबा नको. आम्ही उद्या सपाट करून वर गवताची चटई टाकतो. तुम्हाला काही बघावं लागणार नाही."

आर्विल खुरप्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग त्याच खुरप्याच्या पाठीनं त्यानं वरंबा सपाट केला, नीट, टेबलासारखा, आणि खुरपं ट्रकमध्ये ठेवलं.

माझी बहीण डेल्फिया टॅकेट १९८६ सालच्या नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी वारली.